अमेरिकेत चाकू बाळगताना: राज्याचा कायदा कुठे वरचढ, शहराचा नियम कुठे जिवंत

अमेरिकेत नव्याने बस्तान बसवलेल्या मराठी घरात पात्याच्या वस्तू बऱ्याच असतात. किल्ल्यांच्या जुडग्यातला छोटा स्विस चाकू, गाडीच्या कप्प्यात पडलेलं लेदरमन (पक्कड-चाकू एकत्र असलेलं घडीचं अवजार), कॅम्पिंगसाठी घेतलेला म्यानातला चाकू, नारळासाठी गावाहून आणलेला कोयता. मंडळाच्या कपाटात शिवजयंतीच्या तलवारी आणि दांडपट्टाही असतो. यातल्या कशाकडेही आपण शस्त्र म्हणून पाहत नाही. पोलीस मात्र पाहू शकतात, आणि कोणत्या नजरेने पाहतील हे तुम्ही कोणत्या गावात उभे आहात यावर ठरतं.

तीन इंच पात्याचा साधा घडीचा चाकू घ्या. फिनिक्समध्ये तो खिशात असला तर कोणी विचारणार नाही. तोच शिकागोत खिशात दडलेला सापडला तर शहराचा नियम मोडला, कारण तिथे अडीच इंचांहून लांब पात्याचा चाकू लपवून बाळगायला मनाई आहे. दोन्हीकडे देश एक, राज्यघटना एक. फरक एवढाच की ॲरिझोनाने आपल्या शहरांना चाकूंविषयी नियम करायला बंदी घातली आहे आणि इलिनॉयने घातलेली नाही. या बंदीला इथे ‘प्रीएम्प्शन’ म्हणतात. शहराचा नियम कधी लागू होतो, कधी होत नाही, आणि प्रीएम्प्शन असूनही माणूस कुठे अडकतो, हे पायरीपायरीने पाहू.

पायरी १: कोणाचं कोणावर चालतं ते समजून घ्या

आपण भारतातलं चित्र डोक्यात घेऊन येतो. शस्त्र कायदा १९५९ हा केंद्राचा. त्याखालचे २०१६ चे नियम ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या शस्त्रांना लागतात, आणि घरकाम-शेतीसाठी बनलेली हत्यारं वगळतात. त्यावर स्थानिक पातळीवर पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली ठरावीक मुदतीचे मनाई आदेश काढतात, आणि सणासुदीला ते पेपरात छापून येतात. म्हणजे मुख्य कायदा देशभर एक, वर तात्पुरता आदेश.

अमेरिकेत हे चित्र पुसून टाका. इथे फौजदारी कायदा मुख्यतः राज्याचा असतो. केंद्राचा चाकूविषयीचा कायदा फार थोड्या गोष्टींपुरता आहे: १९५८ चा स्विचब्लेड कायदा, जो प्रामुख्याने बटणाच्या चाकूंच्या राज्याराज्यांमधल्या व्यापाराला लागतो, शिवाय संघराज्याच्या इमारती आणि विमानतळ. त्याखाली राज्य, राज्याखाली काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि शहर. आणि काउंटी-शहराचा नियम कायमचा असतो, मुदतीचा नाही.

शहराला नियम करायचा अधिकार येतो कुठून? राज्याकडून. आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये तत्त्व मांडलं की राज्याने दिले तेवढेच अधिकार शहराला. १९०७ मध्ये पिट्सबर्गच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही शहरं ही राज्याची निर्मिती आहेत हेच धरलं. पुढे अनेक राज्यांनी आपल्या शहरांना ‘होम रूल’ दिला, म्हणजे स्थानिक कारभारात मोकळीक दिली. प्रीएम्प्शन म्हणजे त्या मोकळिकीतून एखादा विषय राज्याने परत स्वतःकडे घेणं.

माझं मत आधीच सांगून टाकते: चाकूच्या बाबतीत हे होणं योग्य आहे. शहरांची बाजू पोकळ नाही. भुयारी रेल्वेतल्या गर्दीत पाच इंची पातं आणि माळरानावरच्या गुरांच्या गोठ्यात पाच इंची पातं या एकच गोष्टी नव्हेत, हे मलाही पटतं. पण वेगमर्यादा बदलली की रस्त्याकडेला पाटी असते, चाकूचा नियम बदलला की काहीच नसतं. दोन गावांमधली अदृश्य रेष ओलांडून माणूस गुन्हेगार होतो, आणि याचा फटका नव्याने आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त बसतो, कारण त्याला विचारायला शेजारी नसतो आणि त्याचा व्हिसा टांगणीला लागलेला असतो.

पायरी २: आधी आपला चाकू ओळखा

कायदा वाचण्याआधी वस्तू समोर ठेवा आणि चार गोष्टी बघा.

पातं घडी होतं की स्थिर आहे? घडी होत असेल तर उघडल्यावर अडकून बसतं का, म्हणजे लॉक होतं का? उघडतं कसं: नखाने खाचेत धरून, अंगठ्याने ढकलून, की बटण दाबल्यावर आपोआप? बटणाचा चाकू म्हणजे आपल्याकडे ज्याला लोक सर्रास रामपुरी म्हणतात त्या धाटणीचा, आणि त्याला बहुतेक राज्यांत वेगळी व्याख्या आहे. अंगठ्याने जरा ढकलल्यावर स्प्रिंगने उघडणाऱ्या चाकूंना २००९ च्या दुरुस्तीने केंद्राच्या स्विचब्लेड कायद्यातून वगळलं. राज्यांच्या व्याख्या मात्र आपापल्या आहेत.

चौथी गोष्ट लांबी. अमेरिकन नाइफ अँड टूल इन्स्टिट्यूट ही चाकू उद्योगाची संस्था पात्याच्या टोकापासून मुठीच्या पुढच्या कडेपर्यंत सरळ रेषेत मोजायला सांगते. काही लोक फक्त धार असलेला भाग मोजतात आणि पाव इंच वाचवतात. तसं करू नका. जिथे नियमात मोजण्याची पद्धत दिलेली नसते तिथे रस्त्यावरचा पोलीस टोकापासून मुठीपर्यंतच पट्टी लावणार. तुमचा चाकू मर्यादेच्या अगदी काठावर असेल तर दुसरा, लहान घ्या. वाद घालून जिंकण्यापेक्षा पंचवीस डॉलरचा चाकू बदलणं सोपं.

पायरी ३: राज्याने शहरांचे हात बांधलेत का, ते शोधा

चाकूंसाठी प्रीएम्प्शनचा पहिला कायदा ॲरिझोनाने २०१० मध्ये केला. गव्हर्नर जॅन ब्रुअर यांनी त्यावर सही केली. त्यामागे डग रिटर यांची ‘नाइफ राइट्स’ ही ॲरिझोनातलीच संघटना होती, आणि पुढच्या बहुतेक राज्यांतही तिनेच पाठपुरावा केला. २०११ मध्ये युटा आणि न्यू हॅम्पशर, २०१२ मध्ये जॉर्जिया, २०१३ मध्ये कॅन्सस, टेनेसी आणि अलास्का, २०१५ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा, २०१६ मध्ये विस्कॉन्सिन, २०२२ मध्ये ओहायो. यादी इथे संपत नाही, आणि दर अधिवेशनात बदलू शकते, म्हणून तुमच्या राज्याचा कायदा राज्याच्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावरच वाचा.

वाचताना काय शोधायचं, ते ॲरिझोनाच्या कलमावरून कळेल. कलम १३-३१२०. त्यात ‘नाइफ’ची व्याख्या दिली आहे: कापण्याचं साधन, धार किंवा टोक असलेल्या पात्यासह. म्हणजे तलवारही त्यात बसते. मग ते म्हणतं की राज्याच्या कोणत्याही राजकीय उपविभागाने, म्हणजे शहराने किंवा काउंटीने, चाकूची ने-आण, बाळगणं, विक्री, खरेदी, भेट, नोंदणी, वापर यांविषयी नियम किंवा कर करायचा नाही. आणि शेवटी, याच्याशी विसंगत असलेला स्थानिक नियम आधीचा असो वा नंतरचा, रद्दबातल. म्हणजे तीन गोष्टी: व्याख्येत तुमची वस्तू येते का, ‘बाळगणं’ हा शब्द यादीत आहे का, आणि जुन्या नियमांचं काय होतं.

विस्कॉन्सिनची घडण वेगळी आहे. तिथे शहर नियम करू शकतं, पण तो राज्याच्या कायद्यासारखाच असला पाहिजे, त्याहून कडक नको. शिवाय शहराच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या इमारतींमध्ये चाकूबंदी करायची मुभा शहराला ठेवलेली आहे. मिलवॉकीत रस्त्यावर चालताना तुम्ही निर्धास्त असाल, पण महापालिकेच्या ग्रंथालयात शिरताना दारावरची पाटी वाचा.

एक गैरसमज मी वारंवार ऐकते: ‘आपल्या राज्यात बंदुकीवर प्रीएम्प्शन आहे, मग चाकूवर असणारच.’ नाही. बंदुकांच्या बाबतीत शहरांचे हात बांधणारी राज्यं चाळीसहून अधिक आहेत. त्यातल्या अनेकांच्या कायद्यात फक्त फायरआर्म आणि दारूगोळा हे शब्द आहेत, चाकूचं नावही नाही. फ्लोरिडाचं असंच आहे. पेन्सिल्व्हेनियाचं तर डोळ्यात भरण्यासारखं आहे. तिथे राज्याने बंदुकीविषयी शहरांना तोंड उघडू दिलेलं नाही, त्यामुळे परवाना असलेला माणूस फिलाडेल्फियात पिस्तूल बाळगू शकतो. पण फिलाडेल्फियाचा स्वतःचा ‘कटिंग वेपन’विषयीचा नियम इतका रुंद आहे की शस्त्र म्हणून वापरता येईल असा कुठलाही चाकू त्यात येतो. सूट आहे ती धंद्याच्या हत्याराला, आणि तीसुद्धा ते प्रत्यक्ष कामात वापरत असताना. राज्याने २०२२ मध्ये कायदा करून बटणाच्या चाकूवरची बंदी उठवली, तरी शहराचा नियम जागच्या जागी राहिला.

यातून दुसरी गोष्टही लक्षात ठेवा. राज्याने बंदी उठवणं आणि राज्याने शहरांचे हात बांधणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. न्यूयॉर्क राज्यात ‘ग्रॅव्हिटी नाइफ’वर, म्हणजे झटक्याने किंवा वजनाने पातं उघडणाऱ्या चाकूवर, १९५८ पासून बंदी होती. पोलीस मनगटाला झटका देऊन चाकू उघडतो का बघायचे, आणि हार्डवेअरच्या दुकानात राजरोस मिळणारे कामाचे चाकूही त्यात अडकायचे. हजारो कामगारांवर गुन्हे दाखल झाले. अखेर मे २०१९ मध्ये ती बंदी उठली. पण न्यूयॉर्क शहराचा आपला नियम, कलम १०-१३३, तसाच आहे: सार्वजनिक ठिकाणी चार इंच किंवा त्याहून लांब पातं नको, आणि कुठल्याही लांबीचा चाकू दिसेल असा अंगावर अडकवायचा नाही, प्रत्यक्ष कायदेशीर कामासाठी वापरत असाल ते सोडून. खिशाच्या कडेला बाहेर डोकावणारी चाकूची क्लिप बघूनच तिथे पोलिसांनी लोकांना थांबवलं आहे. दंड ३०० डॉलरपर्यंत किंवा १५ दिवसांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मॅसॅच्युसेट्सचंही तेच: तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याची स्विचब्लेडबंदी घटनाबाह्य ठरवली, म्हणून बॉस्टनचा अडीच इंचांचा नियम काही आपोआप पडला नाही.

पायरी ४: प्रीएम्प्शन नसेल तर शहराचा कोड उघडा

बहुतेक शहरांचे नियम म्युनिकोड किंवा अमेरिकन लीगल या प्रकाशकांच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. तिथे शहराचं नाव निवडा आणि नाइफ, ब्लेड, वेपन, कटिंग हे चारही शब्द वेगवेगळे शोधा. एकाच शब्दावर थांबू नका. फिलाडेल्फियाचा नियम ‘कटिंग वेपन’ नावाखाली आहे, कुठे तो उद्यानांच्या प्रकरणात असतो, कुठे ‘सार्वजनिक शांतता’ या प्रकरणात. मग काउंटीचा कोडही उघडा. पत्ता लॉस एंजेलिसचा असला म्हणजे माणूस लॉस एंजेलिस शहरात राहतो असं नाही. काउंटीचा बराच भाग कुठल्याच शहरात मोडत नाही.

लॉस एंजेलिस हे उदाहरण मुद्दाम देते, कारण तिथे राज्य आणि शहर एकमेकांच्या उलट दिशेला खेचतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने स्थिर पात्याचा चाकू लपवून बाळगणं गुन्हा आहे; कमरेला म्यानात, सगळ्यांना दिसेल असा असला तर चालतो. शहराच्या नियमाने मात्र तीन इंच किंवा त्याहून लांब पातं उघड दिसेल असं बाळगायचं नाही. लपवलं तर राज्याचा गुन्हा, दाखवलं तर शहराचा. स्थिर पात्याचा मोठा चाकू घेऊन त्या शहरात सहज म्हणून फिरायला जागाच उरत नाही. घडी घातलेला, बटण नसलेला चाकू खिशाच्या आत ठेवणं हाच तिथला सरळ रस्ता.

प्रीएम्प्शन असलेल्या राज्यातही शहराच्या कोडमध्ये जुनं कलम दिसू शकतं. टेक्ससमध्ये २०१५ पूर्वी सॅन अँटोनियोने साडेपाच इंचांहून लहान पण लॉक होणाऱ्या पात्यांवरही बंदी घातली होती, म्हणजे राज्याला जे चालत होतं ते शहराला चालत नव्हतं. राज्याचा कायदा बदलला की असे नियम मरतात. पण मेलेला नियम पुस्तकातून काढायची घाई कोणत्याच शहराला नसते. म्हणून शहराच्या कोडमध्ये काही सापडलं तर घाबरण्याआधी राज्याचं कलम शेजारी ठेवा आणि तारखा जुळवा. आणि राज्याच्या कलमाचं एक पान छापून गाडीत ठेवा. पोलिसाशी रस्त्यात हुज्जत घालायला नव्हे, तर पुढे वकिलाच्या हातात द्यायला.

पायरी ५: जागा बघा. आपली माणसं इथेच अडकतात

प्रीएम्प्शनने फक्त शहराचा नियम जातो. राज्याचा स्वतःचा कायदा आणि जागांवरची बंदी जात नाही. हे वाक्य लक्षात राहिलं तर बाकीचा लेख विसरलात तरी चालेल.

जॉर्जियाकडे बघा. अटलांटाच्या उत्तरेला मराठी वस्ती मोठी आहे. २०१७ पासून तिथे राज्याच्या कायद्यात ‘नाइफ’ म्हणजे १२ इंचांहून लांब पातं. शहरांना वेगळं काही म्हणायची सोय नाही. म्हणजे स्वयंपाकघरातली मोठी सुरी घेऊन फिरलात तरी तो कायदा लागत नाही. पण शाळेच्या आवारात? तिथे राज्याच्याच कायद्याने दोन इंच किंवा त्याहून लांब पातं म्हणजे शस्त्र. बाहेर बारा, आत दोन.

आणि आपण शाळेच्या आवारात किती वेळा जातो ते मोजा. शनिवार-रविवारची मराठी शाळा बऱ्याच ठिकाणी भाड्याच्या शाळेत भरते. गणेशोत्सवाला हायस्कूलचं सभागृह घेतात. तिथे नारळ फोडायला कोयता येतो, मोदकांच्या सारणासाठी खोबरं काढायला विळी येते, केळीचे खांब कापायला सुरा येतो. शिवजयंतीच्या कार्यक्रमात दांडपट्टा आणि तलवारीची प्रात्यक्षिकं होतात. टेक्ससमध्ये यातल्या साडेपाच इंचांहून लांब पात्याला ‘लोकेशन-रिस्ट्रिक्टेड नाइफ’ म्हणतात, म्हणजे ठरावीक जागी मनाई असलेला चाकू. २०१७ मध्ये राज्याने मोठ्या चाकूंवरची सर्वसाधारण बंदी उठवली, पण त्याच वर्षी मे महिन्यात ऑस्टिनच्या विद्यापीठात चाकूहल्ला झाला आणि विधेयकात जागांची यादी घातली गेली: शाळा-महाविद्यालयं, मतदान केंद्रं, न्यायालयं, रुग्णालयं, खेळांचे सामने, मनोरंजन उद्यानं, प्रामुख्याने दारूविक्रीवर चालणारे बार, आणि प्रार्थनास्थळं. मंदिर हेही प्रार्थनास्थळच. पण ही यादी पुढे बदलली आहे, म्हणून आजचं कलम वाचून खात्री करा. १८ वर्षांखालच्या मुलांवर अशा पात्यांविषयी आणखी बंधनं आहेत, आणि तलवार घेऊन मंचावर उभी राहणारी मुलं बहुधा त्याच वयाची असतात.

मंडळांसाठी म्हणून सांगते. कार्यक्रमाच्या तलवारी लाकडाच्या किंवा फायबरच्या बनवून घ्या; प्रेक्षकांत बसलेल्यांना लांबून फरक कळत नाही. धातूचाच दांडपट्टा हवा असेल तर शाळेकडून किंवा शाळा जिल्ह्याकडून लेखी परवानगी घ्या. टेक्ससच्या कायद्यात संस्थेच्या लेखी परवानगीला जागा आहे, पण तोंडी ‘हो, चालेल’ला नाही. शाळेच्या सफाई कामगाराने मान डोलावली म्हणजे परवानगी मिळाली असं समजू नका. नारळ घरून फोडून, खोबरं किसून डब्यात आणा. आणि कोयता मुलांच्या दप्तराच्या गाडीत विसरला जाऊ देऊ नका: सोमवारी तीच गाडी शाळेच्या दारात उभी असते.

विद्यार्थ्यांसाठी वेगळा इशारा. कॅलिफोर्नियात विद्यापीठाच्या आवारात अडीच इंचांहून लांब स्थिर पात्याला मनाई आहे. वसतिगृहात स्वयंपाकासाठी वापरत असाल तर कायद्यात सूट आहे, पण ती स्वयंपाकघरापुरती, दप्तरात घेऊन वर्गात जाण्यासाठी नाही. शिवाय विद्यापीठाची आचारसंहिता वेगळी, आणि ती बहुधा कायद्याहून कडक असते. प्रीएम्प्शन विद्यापीठाच्या किंवा मालकाच्या आचारसंहितेला हात लावेलच असं नाही. ऑफिसचं कर्मचारी पुस्तक उघडून बघा.

संघराज्याच्या इमारतींमध्ये राज्याचं काहीच चालत नाही. तिथे धोकादायक शस्त्र नेणं हा केंद्राचा गुन्हा, आणि त्यातून वगळलेला आहे तो अडीच इंचांहून लहान पात्याचा खिशातला चाकू. नवा माणूस अशा इमारतीत हमखास जातो: सोशल सिक्युरिटीचं कार्यालय, बोटांचे ठसे द्यायला इमिग्रेशनचं केंद्र. लहान चाकूही दारावरचा सुरक्षारक्षक आत सोडणार नाही असं धरूनच निघा. घरी ठेवा. पोस्ट ऑफिसच्या आवारातही तसंच.

आदिवासी राष्ट्रांची जमीन हा मुद्दा कोणी सांगत नाही. ॲरिझोना-युटाच्या सहलीत सगळे मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटेलोप कॅन्यनला जातात. ती जमीन नावाहो राष्ट्राची आहे. ॲरिझोनाने बांधले ते ॲरिझोनाच्या शहरांचे आणि काउंटींचे हात. नावाहो राष्ट्र हा राज्याचा उपविभाग नाही, त्याचे स्वतःचे कायदे आणि स्वतःचे पोलीस आहेत. सहलीचा चाकू गाडीच्या डिकीत, सामानाच्या तळाशी ठेवा.

पायरी ६: प्रवासात सगळ्यात कडक जागेच्या हिशेबाने चाला

बंदुका एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना केंद्राचा कायदा काही अटींवर मधल्या राज्यांत संरक्षण देतो. चाकूला असं संरक्षण नाही. त्यासाठीची विधेयकं काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडली गेली, मंजूर झाली नाहीत. म्हणून मिलवॉकीहून शिकागोला जाताना तुम्ही राज्याची सीमा ओलांडली की विस्कॉन्सिनचं छत्र मागे राहतं.

रोज एडिसनहून मॅनहॅटनला जाणाऱ्यांनी तर हे नीट बघावं. न्यू जर्सीत लांबीची सरळ मर्यादा नाही. राज्याचा कायदा विचारतो की त्या परिस्थितीत तो चाकू बाळगणं कायदेशीर कामासाठी उघडपणे योग्य होतं का. मासेमारीच्या पेटीतला चाकू योग्य, तोच रात्री अकरा वाजता रेल्वे स्टेशनवर खिशात का, याला उत्तर हवं. हडसन नदी ओलांडली की न्यूयॉर्क शहराचा चार इंचांचा आणि ‘दिसता कामा नये’चा नियम. शिवाय भुयारी रेल्वे चालवणाऱ्या एमटीएचे स्वतःचे शस्त्रविषयक नियम आहेत, आणि २०१९ ची सुटका झाल्यावरही ते वेगळे उभे होते. कामाला चाकू लागत नसेल तर या रोजच्या वाटेवर तो नेऊच नका. लागत असेल तर ऑफिसात एक ठेवून द्या.

विमानात चाकू हातातल्या सामानात नाही, चेक-इनच्या बॅगेत चालतो. धार नीट गुंडाळा, म्हणजे बॅग तपासणाऱ्याचा हात कापणार नाही. विळीही तशीच येते: पातं जाड पुठ्ठ्यात, वर टेप. पण उतरल्यावर ती बॅग घेऊन तुम्ही कोणत्या शहरात शिरता आहात, हा प्रश्न उरतोच. नवा चाकू घेतला असेल तर घरी पोचेपर्यंत खोक्यातच बंद ठेवा. न्यूयॉर्कच्या नियमात खरेदीच्या जागेवरून थेट नेणाऱ्याला सूट आहे, आणि पावती सोबत असली की सांगणं सोपं जातं.

पायरी ७: पोलिसाने विचारलं तर

हात दिसतील असे ठेवा. चाकू काढून दाखवायला खिशात हात घालू नका, कितीही मदत करावीशी वाटली तरी. तोंडाने सांगा: ‘माझ्या उजव्या खिशात घडीचा चाकू आहे.’ ॲरिझोनात लपवलेलं प्राणघातक शस्त्र आहे का असं पोलिसाने विचारल्यावर खरं न सांगणं हा वेगळा गुन्हा आहे. इतरत्रही खोटं बोलू नका; गप्प राहण्याचा हक्क आहे, खोटं बोलण्याचा नाही.

‘कशाला ठेवता?’ या प्रश्नाला आपल्याकडची माणसं सहज म्हणून जातात, ‘स्वसंरक्षणासाठी.’ हे उत्तर अनेक राज्यांत तुमच्या खिशातल्या अवजाराचं शस्त्र करून टाकतं. खोकी उघडायला ठेवत असाल तर तसं सांगा, फळं कापायला तर तसं. जे खरं आहे ते, आणि तेवढंच. झडती घेऊ का असं विचारलं तर ‘माझी संमती नाही’ एवढं शांतपणे म्हणता येतं. त्यानंतरही घेतली तर अडवू नका. शहराचा नियम राज्याने रद्द केला आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तरी ती लढाई रस्त्यावर लढायची नसते. वकील ती न्यायालयात काही मिनिटांत मांडतो.

पायरी ८: व्हिसावर असाल तर प्रकरण मिटलं तरी कागद जपा

नागरिकाला तीनशे डॉलर दंड भरून विसरता येतं. तुम्हाला येत नाही. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात प्रश्न असतो की तुम्हाला कधी अटक झाली आहे का किंवा दोषी ठरवलं आहे का. ग्रीन कार्डाच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जात तर अटकेबरोबर साइटेशनचाही, म्हणजे अटक न करता पोलिसाने हातात दिलेल्या नोटिशीचाही, उल्लेख असतो. खटला रद्द झाला, शहराचा नियमच बेकायदा होता असं ठरलं, तरी अटक झाली होती हे लिहावंच लागतं. लपवलं तर मूळ गोष्टीपेक्षा लपवणं जड जातं.

म्हणून साधा वाटणारा गुन्हाही कबूल करण्याआधी वकिलाला विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पाडिया खटल्यात ठरवलं की गुन्हा कबूल केल्याचे इमिग्रेशनवर काय परिणाम होतील हे फौजदारी वकिलाने परदेशी नागरिकाला सांगितलंच पाहिजे. पण त्यासाठी तुम्ही नागरिक नाही हे त्याला आधी कळायला हवं, तेव्हा पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगा. सरकारी वकिलाने ‘दंड भरा आणि जा’ म्हटलं तरी सही करू नका. आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडून त्या कलमाचा अर्थ समजून घ्या.

प्रकरण संपल्यावर न्यायालयाच्या क्लार्ककडून निकालाची प्रमाणित प्रत मागा, एक नव्हे दोन-तीन. लहान न्यायालयं काही वर्षांनी जुने कागद नष्ट करतात, आणि दहा वर्षांनी नागरिकत्वाच्या मुलाखतीत अधिकारी तोच कागद मागतो. त्याच्याच मागे, त्या दिवशी लागू असलेल्या राज्याच्या प्रीएम्प्शन कलमाची छापील प्रत टाचून ठेवा, वर तारीख लिहून.